काळं बॉनेट आणि तीस कोटी वर्षांची सवय

संत तुकाराम नगर, पिंपरी
शुक्रवार, दुपार

ति. कस्तुराआक्का,

तुझा धाकटा भाऊ विलास याचा तुला आणि घरातल्या सगळ्या लहानथोरांना पिंपरीहून सप्रेम जयभीम. तुझे गुडघे काय म्हणतात, झोप लागते का, रक्तदाबाची गोळी तू खरंच गिळतेस की दीपमाला समोरून हलेपर्यंत गालात धरून ठेवतेस, हे सविस्तर कळवावे. आम्ही इकडे ठणठणीत आहोत. पत्र वाचून दाखवणाऱ्या तुझ्या सूनबाईला, चि. सौ. दीपमालेला, अनेक आशीर्वाद. दीपमाला, एक लक्षात ठेव. या पत्रात जे कंसात असेल ते फक्त तुझ्यासाठी आहे. ते मनातल्या मनात, ओठ न हलवता वाचायचं आणि आक्काला संशय येणार नाही अशा बेताने पुढच्या ओळीवर सरकायचं. (ही सूचनाच कंसात लिहायला हवी होती हे आत्ता लक्षात आलं. पेनाने लिहिलंय, आता काय करणार.)

तू म्हणशील, घरात चार फोन असताना पत्र कशाला? आक्का, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी 'हॅलो' म्हणतो आणि त्यानंतर थेट 'बरं, ठेवतो' म्हणतो, मधलं सगळं तुझं. परवाही तेच झालं. तुझं म्हणणं मी पुरतं ऐकून घेतलं: उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पिंपरीच्या डॉक्टरांनी येत्या मंगळवारची तारीख दिली आहे, एक तारीख आधीच हुकली आहे, आणि ही हुकली तर ते पुढच्या वर्षावर ढकलतील. तरीही तू एसटीने येणार नाहीस, ट्रॅव्हल्सने येणार नाहीस, पोटच्या पोराच्या, संघर्षच्या टेम्पोतून तर नाहीच नाही. "इलासनं शब्द दिलाय. त्याच्याच गाडीत बसून येईन, न्हाईतर अशीच चाचपडत मरीन," असं तू म्हणालीस आणि फोन आपटलास. शब्द मी दिला होता, ते कबूल. तू मला निलंग्याच्या स्टँडवर सोडायला आलीस, माझी पेटी टपावर चढवलीस, तेव्हा मीच खिडकीतून ओरडलो होतो की एक दिवस स्वतःच्या गाडीतून तुला न्यायला येईन. पण गाडी घेऊन इतके महिने झाले तरी मी का आलो नाही, हे तुला सांगायचं राहून गेलंय. कारण मोठं आहे. त्याला चार पंख आहेत.

पहिल्यापासून सांगतो. माझं कंपनीतलं काम नेमकं काय होतं ते तुला कधी कळलं नाही. तू गावभर सांगायचीस की इलास गाड्या बनवतो. गाड्या दुसरे लोक बनवायचे, मी त्यांच्यातल्या चुका काढायचो. चाकणला पेंट शॉपमध्ये रंगून, भट्टीतून भाजून बाहेर आलेल्या गाडीवर ट्यूबलाइटच्या उजेडात नजर फिरवायची आणि कुठे कण बसलाय, कुठे थेंब ओघळलाय ते शोधून खडूने गोल करायचा, हे मी जन्मभर केलं. डोक्याला तेल लावून जायची बंदी होती, कारण तेलाचा नुसता वारा लागला तरी रंगाला बारीक खड्डे पडतात. (लग्नानंतर वर्षभर नीलाला वाटत होतं की मला तिच्या हातचं तेल आवडत नाही. ती रडायची. मला कारण सांगायचं सुचलंच नाही.) अशा माणसाने रिटायर झाल्यावर स्वतःसाठी गाडी घ्यायची तर कोणता रंग घेईल? काळा. पांढऱ्यावर सगळं खपून जातं. काळा रंग चुगलीखोर, बोट लावलं तरी सांगतो. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी शोरूमच्या माणसाने गाडी सोसायटीत आणून लावली, नीलाने हार घातला, पेढे वाटले आणि मी हार काढून घेतला, कारण झेंडूचा डाग पडतो. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मी ती पुसत होतो. बॉनेटमध्ये बघून मी दाढी केली आहे, आक्का.

पावसाने जरा उघडीप दिली तेव्हाची गोष्ट. दुपारी गॅलरीत चहा पीत होतो तर खाली बॉनेटवर दोन चतुर. आपण लहानपणी शेपटीला दोरा बांधून उडवायचो तेच, पिवळसर अंगाचे. एकामागे एक जोडलेले, रेल्वेच्या डब्यांसारखे, आणि दोघं मिळून खाली येत, मागचीने शेपटीचं टोक बॉनेटला टक्कन टेकवलं की वर जात. पुन्हा खाली, पुन्हा टक्कन. (पुढचा तो नवरा. त्याच्या शेपटीला चिमटा असतो आणि त्या चिमट्यात त्याने बायकोची मान धरलेली असते, म्हणजे तिची अंडी घालून होईपर्यंत दुसरा कोणी तिला पळवत नाही. त्याच्या आधी दोघं मिळून जो बदामाचा आकार करतात तो पाहून आमच्या बिल्डिंगमधल्या बायका 'अय्या, किती गोड' म्हणत होत्या. काय चाललंय ते मी शास्त्रीय भाषेत समजावलं. तेव्हापासून त्या मला पाहिलं की जिन्याने जातात.) मला वाटलं बिचारे दमले असतील, टेकत असतील. संध्याकाळी फडकं घेऊन गेलो तर बॉनेटभर खसखशीएवढे ठिपके. पुसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि एक दिवस कडक ऊन पडलं, पुसायला उशीर झाला, तर ठिपके निघाले पण खाली डाग राहिले. तापलेल्या पत्र्यावर त्या अंड्यांतून आम्ल सुटतं आणि ते वरचा चकचकीत थर, ज्याला आम्ही क्लिअर कोट म्हणतो, तोच खातं. ज्या माणसाने लोकांच्या लाखो गाड्यांवर एक डाग राहू दिला नाही, त्याच्या स्वतःच्या गाडीवर एका किड्याच्या बायकोने बाळंतपण उरकलं. माझी काय अवस्था झाली असेल, तूच विचार कर.

मी लगेच ज्योतीरामला फोन लावला. ज्योतीराम म्हणजे पेंट शॉपमधला माझा जोडीदार, मूळचा मावळातला, आता सांगवीत मुलाकडे राहतो आणि करायला काही नसल्यामुळे कशालाही येतो. तो स्कूटरवरून आला, चष्मा पुसून बॉनेटला नाक लावलं आणि म्हणाला, "विलासराव, ह्यो चतुर न्हाई, येडा हाय. त्याला तुमचं बॉनेट म्हंजी तळं वाटतंय." मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आक्का, कंपनीत कुठेही खोट निघाली की आम्हाला एकच शिकवलं होतं: पाच वेळा 'का' विचारा, पाचव्या 'का'च्या उत्तरात मूळ सापडतं. भिंतीवर कागद लावायचा, सगळ्यांनी खुर्च्या टाकून बसायचं, त्याला क्वालिटी सर्कल म्हणतात, आणि त्या सर्कलची ढाल आम्ही दोघांनी दोनदा जिंकली आहे. रिटायर झाल्यापासून आमचे हात शिवशिवत होतेच. पार्किंगच्या खांबाला कॅलेंडरची पाठ चिकटवली, नीलाने चहा पाठवला आणि आम्ही बसलो.

बॉनेटवर डाग का? अंडी पडतात म्हणून. हे सोपं होतं. अंडी का पडतात? चतुर त्याला पाणी समजतो म्हणून. पाणी का समजतो? इथे आम्ही दोन दिवस अडलो. मी नेहरूनगरच्या वाचनालयातून पुस्तक आणलं, मोबाइलवर व्हिडिओ बघितले, तेव्हा उलगडलं की पाण्यावरून परतणारा उजेड एका विशिष्ट तऱ्हेने आडवा होऊन येतो. आपल्याला तो फरक दिसत नाही, पण चतुराच्या डोळ्याला दिसतो. आणि चांगला घासलेला काळा रंग तसाच उजेड देतो, उलट गढूळ डबक्यापेक्षा जास्त स्वच्छ देतो! म्हणजे मी जितकं जास्त घासत होतो तितकं माझं तळं त्यांना जास्त पसंत पडत होतं. मावळातली, मुळशीतली, सगळीकडची जोडपी कदाचित माझ्याच बॉनेटचा पत्ता एकमेकांना देत असतील. चौथं का: त्याचा डोळा असा का घडला? तर ज्यांना पाणी बरोबर ओळखता आलं त्यांची पिल्लं जगली, ज्यांनी भलतीकडे अंडी घातली त्यांचा वंश तिथेच बुडाला. असं करत करत ओळखणारेच तेवढे उरले. आणि पाचवं: मग त्याला गाडी आणि पाणी यांतला फरक का कळत नाही? कारण, आक्का, त्याचं खानदान तीस कोटी वर्षांपासून या पृथ्वीवर आहे, आणि त्या अवघ्या काळात सपाट, चकचकीत असं पाण्याशिवाय दुसरं काही नव्हतंच. गाडी आली ती काल संध्याकाळी. त्याची सवय चुकीची नाही, गाडीच चुकीच्या वेळी आली आहे.

मूळ कारण तीस कोटी वर्षांमागचं निघेल असं कंपनीत कधी झालं नव्हतं. जास्तीत जास्त मागच्या शिफ्टपर्यंत जायचं. पण कागदावर पुढचा रकाना असतो 'जबाबदार व्यक्ती', तो रिकामा ठेवून चालत नाही. ज्योतीरामने पेन उघडलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "त्या टायमाला शिफ्ट इनचार्ज कोण व्हता?" मला इतकं हसू आलं की चहा नाकातून आला. मग त्याने रकान्यात माझं नाव लिहिलं, मी खोडून त्याचं लिहिलं, त्यावरून आमची खरोखरची बाचाबाची झाली आणि तो चहा अर्धा टाकून सांगवीला निघून गेला. (दुसऱ्या दिवशी सकाळी आला. अर्धा चहा राहिला होता म्हणाला.)

तीस कोटी वर्षं म्हणजे किती ते तुला सांगतो, कारण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा पक्षी नव्हते. फुलं नव्हती. ते मोठमोठे डायनासोरसुद्धा आले नव्हते. आकाश रिकामं, आणि त्यात चतुराचे पूर्वज उडत होते, ज्यांच्या पंखांचा विस्तार दोन फुटांहून जास्त होता! हवेत तेव्हा प्राणवायू जास्त होता म्हणून किडे एवढे वाढत, असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत आहे. तसला एक आज आमच्या पार्किंगमध्ये उतरला तर बॉनेटचं काय होईल, या कल्पनेने मला रात्रभर मजा वाटत राहिली. आणि अंगाने लहान झाला तरी त्याने कारागिरी सोडली नाही. चारी पंख वेगवेगळे हलतात, प्रत्येकाला स्वतःचे स्नायू, म्हणजे चारी चाकांना स्वतंत्र इंजिन. पुढे जातो, मागे जातो, जागच्या जागी थांबतो. हवेत भक्ष्य पकडायला निघाला तर शंभरातल्या पंच्याण्णव वेळा पकडूनच येतो. आक्का, पंच्याण्णव टक्के! आमच्या लाइनला पहिल्या फटक्यात बिनडाग गाडीचं प्रमाण पंच्याण्णव झालं असतं तर मॅनेजरने आम्हाला खांद्यावर घेऊन गेटपर्यंत नेलं असतं. डोळे तर विचारूच नकोस. एकेका डोळ्यात हजारो भिंगं, पुढे दिसतं, मागे दिसतं, वर दिसतं. तुझी दोनच, त्यातली दोन्ही धुरकटलेली. डॉक्टर एकच भिंग नवं घालणार आहेत, तेही दुखवणार नाहीत म्हणाले, आणि तू त्यालाही गाडीची अट घालून बसली आहेस.

उपाययोजनेकडे येतो. पहिला उपाय ज्योतीरामचा: गाडी झाका. मी बाजारातून ताडपत्री आणली, नवी कोरी, काळी, गुळगुळीत, आणि चारी बाजूंनी अशी ताणून बांधली की सुरकुती दिसू नये. (माझी सवय.) पूर्वी एक तळं होतं, आता बॉनेटपासून डिकीपर्यंत अख्खं धरण झालं. त्या दुपारी इतके चतुर जमले की खाली खेळणारी पोरं हेलिकॉप्टर, हेलिकॉप्टर ओरडत घरी पळाली. दुसरा उपाय नीलाचा. ती म्हणाली, गाडी पुसणं बंद करा, धूळ बसू द्या, चमक गेली की चतुर जाईल. शास्त्राप्रमाणे ती बरोबर होती, आणि म्हणूनच मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. नंतर म्हणाली, "गाडी उभी असते म्हणून अंडी घालतात. चालवली तर कशाला घालतील?" मला तेव्हा नेमका खोकला आला.

तिसरा उपाय माझा, आणि यशस्वी. त्यांना पाणीच हवं आहे ना, मग पाणी द्या! बांधकामावरचा एक मोठा काळा टब आणला, गाडीशेजारी ठेवला, तळाशी थोडा चिखल घातला, एका बाजूला वेताच्या काटक्या उभ्या रोवल्या आणि पाणी भरलं. बॉनेटवर नीलाची जुनी सुती साडी अंथरली. दोन दिवसांत टपाटप अंडी टबात. मी ढाल जिंकल्याच्या आनंदात होतो, तर सोसायटीचे चेअरमन अण्णासाहेब हातात छत्री घेऊन खाली आले. साचलेलं पाणी, डेंग्यू, नोटीस, सगळं एका श्वासात बोलले. मी त्यांना समजावलं की चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं आणि डासाच्या अळ्यांवरच जगतं. ते कसं खातं तेही सांगितलं: खालचा ओठ घडी करून हनुवटीखाली ठेवलेला असतो, भक्ष्य टप्प्यात आलं की तो ओठ हातासारखा सुटून पुढे जातो आणि पकडून आणतो. ते श्वास कुठून घेतं हेही सांगितलं. मागून. आणि घाई असली की मागूनच पाण्याची पिचकारी सोडून पुढे सुसाट जातं. हे मी नुसतं सांगितलं नाही, थोडं करूनही दाखवलं. अण्णासाहेबांनी छत्री उघडली आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेत तक्रार केली.

महापालिकेच्या बाई पंधरा दिवसांनी आल्या. त्यांनी टॉर्च मारून बिल्डिंगमधल्या एकेका पाण्यात बघितलं. माझ्या टबात डासाची एकही अळी नव्हती. पिल्लांनी टब असा साफ ठेवला होता की बाई दोनदा वाकल्या. अळ्या सापडल्या त्या अण्णासाहेबांच्या गॅलरीत, तुळशीखालच्या ताटलीत. मी हसलो नाही, आक्का, तुझी शपथ. ज्योतीराम हसला, तो खांबामागे जाऊन हसला, पण खांब बारीक आहे. बाईंनी माझा टब राहू दिला, फक्त वरून जाळी लावा म्हणाल्या. मग जाळीला काटक्यांपाशी खिडकी ठेवायची की नाही यावर आमचं पुन्हा क्वालिटी सर्कल बसलं. अण्णासाहेब हल्ली माझ्याशी फक्त मेंटेनन्सच्या विषयावर बोलतात.

आणि मग श्रावणातल्या एका पहाटे मी खाली गेलो तर एक पिल्लू काटकीवर चढलेलं. ओलं, मातकट, चिखलातल्या खड्यासारखं. हललं नाही. मला वाटलं मेलं. तेवढ्यात त्याची पाठ उकलली आणि आतून दुसराच कोणीतरी बाहेर येऊ लागला. डोळे आले, पाय आले, मग तो पाठीमागे वाकून लोंबकळत राहिला, जणू विसरलाच पुढे काय करायचं ते, आणि एकदम उसळी घेऊन शेपटीसकट बाहेर पडला. पंख चुरगळलेले होते, चुरमुऱ्याएवढे. ते हळूहळू उलगडत गेले, पण ओले असेपर्यंत त्याला उडता येत नव्हतं. कावळा येऊन उचलून नेता तरी काही करता आलं नसतं. मी हात आडवा धरून तिथेच उकिडवा बसलो. मला रडू आलं, आक्का. तुझी आठवण आली. मीही असाच आलो होतो इथे, दापोडीच्या त्या खोलीत, पंख चुरगळलेले, आणि तुझ्या हातच्या चटणीची बरणी उशाशी घेऊन झोपायचो. ऊन वर आलं तसे त्याचे पंख चकाकायला लागले, ते एकदा थरथरले आणि तो गेला. काटकीवर त्याची कात तशीच राहिली. ती मी शोकेसमध्ये ढालीशेजारी ठेवली आहे.

तो कुठे जातो ते वाचून तर मी चाटच पडलो. ही जात भटकी आहे. पाऊस सरला की वाऱ्यावर स्वार होऊन हिचे थवे समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात असं शास्त्रज्ञ मानतात, आणि परत येतात ती त्यांची पोरं-नातवंडं, ज्यांना वाट कोणी दाखवलेली नसते. वजन चिमूटभर मिठाएवढं, ना नकाशा, ना टोल. मी हे नीलाला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तो आफ्रिकेला पोचला आणि तुम्ही अजून निलंग्याला पोचला नाहीत." बायकांना शास्त्रात रस नसतो हेच खरं.

तर आक्का, एकंदर परिस्थिती ही अशी आहे. बॉनेटवर अजून डाग आहेत, टबात दुसरी वीण वाढते आहे, चतुरांचा हंगाम सरलेला नाही, आणि अशा नाजूक अवस्थेत गाडी हलवणं तांत्रिकदृष्ट्या योग्य होणार नाही, असं आमच्या सर्कलचं एकमत आहे. (ज्योतीराम गैरहजर होता.) पत्र आमच्या शेजारच्या नवनाथबरोबर पाठवतो आहे, तो आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निलंग्याला निघालाय, उद्या सकाळी तुझ्या हाती देईल. डोळ्यांना जप, शेगडीच्या धुरात बसू नकोस, संघर्षला आशीर्वाद. तुझ्या हातच्या चटणीवर वाढलेला,

विलास

ता. क. (दीपमाला, हा संपूर्ण ता. क. कंसात आहे, नीट बघ, कंस पुढे बंद होतो. मला गाडी चालवता येत नाही. लाखो गाड्यांवरून हात फिरवला, एकीचंही चाक फिरवलं नाही. त्या लाइनवर आपोआप पुढे सरकायच्या. मी एकदाच पार्किंगमध्ये चालवून पाहिली. थोडी पुढे गेली, बरीच मागे गेली, आणि खांब बारीक असल्याचं मला तेव्हाच समजलं. डिकीला पोचा आहे, तो झाकायला मी वॉचमनकडून गाडी भिंतीला पाठ करून लावून घेतली आहे. हायवेचे ट्रक नुसते डोळ्यांसमोर आले तरी मी किल्ली ठेवून फडकं उचलतो. पण आक्काचा डोळा माझ्या भित्रेपणापायी जायला नको. म्हणून तुझ्याकडे काम आहे. तू असं काही कर की आक्का आपणहून म्हणेल, मला गाडीत मळमळतं, मी एसटीनेच येते. तिने स्वतः तसं म्हटलं की माझा शब्दही राहील आणि तारीखही. मी शिवाजीनगरच्या स्टँडवर पहाटेपासून उभा राहीन, तिला रिक्षात हातावर घेऊन येईन. एवढं कर. जन्मभर उपकार विसरणार नाही.)

ता. क. आक्का, जयभीम. मी नीला. ह्यांनी पाकीट नवनाथला नेऊन द्यायला माझ्याकडेच दिलं, म्हणून उघडून वाचलं. कंसांसकट. तुम्ही एसटीने यायचं नाही. पहिला पाऊस पडला तेव्हापासून मी दापोडीला ड्रायव्हिंग क्लासला जात होते. हे टबापाशी उकिडवे बसलेले असायचे, मी समोरून गेले तरी ह्यांना पत्ता नाही. हजार भिंगांच्या डोळ्यांचा अभ्यास चालला होता ना! लायसन्स आलं त्याला महिना झाला. क्लासच्या गाडीवर चाकणच्या रस्त्याला कंटेनरच्या मधून हात बसवलाय, त्यामुळे सोलापूर हायवेची मला भीती नाही. हे स्वतःहून सांगतील म्हणून वाट बघत होते, पण ह्यांनी पत्रात आफ्रिकेपर्यंत सगळं सांगितलं, तेवढं एक नाही. रविवारी पहाटे निघतो, दुपार कलायच्या आत तुमच्या दारात. सोमवारी परत, मंगळवारी डॉक्टर. पिशवी भरून ठेवा. दीपमाला, हे मोठ्याने वाच. वरचा कंससुद्धा.

ता. क. आक्का, पुन्हा मी, विलास. पाकीट अजून घरातच, तेही उघडं दिसलं, पुन्हा चिकटवायला घेतलं तर वरचं वाचलं. मग नीला मला हाताला धरून पार्किंगमध्ये घेऊन गेली आणि तिने किल्ली फिरवली. एक जोडपं टपावर टेकायच्या बेतात होतं, त्यांना हॉर्न दिला, बॉनेटवरची साडी ओढून माझ्या हातात दिली आणि गाडी बाहेर काढली. नेहरूनगरपर्यंत जाऊन आलो. आक्का, काय चालवते गं! मला इतका आनंद झाला की मी वाटभर बोलत होतो, आणि तिने ब्रेक दाबायच्या आधी दर वेळी माझाच पाय दाबला जात होता, म्हणून रविवारसाठी तिने मला मागची सीट दिली आहे. पुढची तुझी. आम्ही येतो, नक्की येतो, शब्द दिला तसे येतो. माझी आता एकच विनंती उरली आहे, आणि ती बिनकंसाची आहे: गाडी दारात उभी राहिली की अख्खी गल्ली जमेल आणि विचारेल. तेव्हा तू आधीपासूनच सगळ्यांना सांगून ठेव की शहरात गाडीचा मालक नेहमी मागेच बसतो.